लिलावाची बोली आणि टपालाचा आकार

ऑनलाइन लिलावात वस्तूची किंमत बोली लावणाऱ्यांच्या स्पर्धेतून ठरते, पण ती वस्तू खरेदीदाराच्या घरी पोहोचवण्याचा आकार विक्रेता एकटाच, लिलाव सुरू होण्यापूर्वी, स्वतःच्या हिशेबाने लिहून ठेवतो. एकाच व्यवहारातल्या या दोन रकमांपैकी पहिलीवर बाजाराचा अंकुश असतो आणि दुसरीवर तो जवळजवळ नसतो. कारण टपालखर्चावर कोणाला बोली लावता येत नाही, दुसऱ्या कुरियरकडून स्वस्तात मागवून घेण्याची मुभा खरेदीदाराला बहुधा नसते, आणि बांधाबांधीवर खरोखर किती खर्च झाला असेल याचा अंदाज त्याला पार्सल हाती पडल्यावरच येतो. टपाल आणि पॅकिंग या सदराखाली नेमके किती पैसे घेणे न्याय्य, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. तरीही गेल्या तीन दशकांत त्याने ईबेसारख्या बलाढ्य लिलाव-संकेतस्थळाला आपली शुल्करचना बदलायला लावली, त्याच्याशी निगडित वाद युरोपातल्या वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेले, अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर प्रत्यक्ष लिलाव मांडून प्रयोग केले आणि भारताच्या ई-वाणिज्य नियमांतही टपाल व हाताळणी आकाराचा उल्लेख नावानिशी आला.

टपालाने माल मागवण्याची रीत भारतात जुनी आहे. पार्सल सोडवून घेताना पोस्टमनकडे किंमत भरायची आणि ती टपालखात्याने विक्रेत्याला पोहोचती करायची, ही व्ही.पी.पी. नावाने ओळखली जाणारी सेवा १८७७ सालापासूनची. मराठी नियतकालिकांतल्या पुस्तकांच्या आणि औषधांच्या जाहिरातींत किमतीपुढे ‘टपालखर्च निराळा’ असे छापण्याचा प्रघात त्यानंतर कित्येक पिढ्या टिकला. त्या व्यवहारात खरेदीदाराला दोन आधार होते. वस्तूची किंमत छापील असे, म्हणजे ती मागणीनंतर बदलत नसे. आणि टपालाचे दर सरकारी व जाहीर असल्याने, शिवाय पुडक्यावर तिकिटेच चिकटवलेली असल्याने, विक्रेत्याने टपालासाठी किती घेतले व किती भरले हे कोणालाही पडताळून पाहता येई. लिलावाने यातला पहिला आधार मुळातच काढून घेतला, कारण तेथे अंतिम किंमत आधी ठाऊक नसते. दुसरा आधारही, खासगी कुरियर कंपन्यांचे करारावर ठरणारे दर आणि संगणकावर छापलेली रकमेविना चिठ्ठी यांमुळे, हळूहळू नाहीसा झाला.

पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील सान होझे येथे ‘ऑक्शनवेब’ या नावाने जे संकेतस्थळ सुरू केले आणि जे १९९७ पासून ईबे म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याचे उत्पन्न मुख्यतः दोन शुल्कांतून येत असे. पहिले नोंदणी शुल्क, म्हणजे वस्तू लिलावाला मांडण्याबद्दल द्यायची रक्कम, जी आरंभीच्या बोलीच्या प्रमाणात वाढे. दुसरे अंतिम मूल्य शुल्क, म्हणजे लिलाव यशस्वी झाल्यावर विजयी बोलीवर आकारली जाणारी टक्केवारी. या दोन्ही शुल्कांच्या हिशेबात टपालखर्च धरला जात नसे. त्यामागचा हेतू सरळ होता : टपालाचे पैसे टपालखात्याकडे जाणार, त्यावर मध्यस्थाने काही घेऊ नये. परंतु या सरळ नियमाचा परिणाम असा झाला की किमतीतला जितका भाग टपालाच्या सदरात ढकलता येईल तितक्या भागावर विक्रेत्याची दलाली वाचू लागली. समजा एखाद्या वस्तूची खरी किंमत २० डॉलर आहे, टपालाला ५ डॉलर लागतात आणि दलालीचा दर ९ टक्के आहे. जो विक्रेता २० डॉलर किंमत आणि ५ डॉलर टपाल असे प्रामाणिकपणे लिहितो त्याला १.८० डॉलर दलाली पडते. जो १ डॉलर किंमत आणि २४ डॉलर टपाल असे लिहितो त्याची दलाली ९ सेंटवर येते, आणि खरेदीदाराच्या खिशातून दोन्हीकडे २५ डॉलरच जातात. एक सेंट किंवा एक पेनी किमतीची सीडी आणि तिच्यावर कित्येक पट टपाल, अशा नोंदी ईबेच्या अमेरिकी व ब्रिटिश संकेतस्थळांवर बोकाळल्या त्या या गणितामुळे.

दलाली चुकवण्याने संकेतस्थळाचे नुकसान होते, ग्राहकाचे काय जाते, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो. त्याचे एक उत्तर शोधयादीत मिळते. वस्तूंची यादी जेव्हा केवळ किमतीच्या क्रमाने लागते तेव्हा टपालात किंमत दडवणारा विक्रेता सर्वांत वर येतो आणि प्रामाणिक विक्रेता खाली ढकलला जातो, त्यामुळे प्रामाणिक माणसालाही तीच युक्ती करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. किंमत व टपाल यांच्या बेरजेनुसार यादी लावण्याची सोय पुढे आली, परंतु ती निवडण्याचे भान ज्याला आहे त्यालाच तिचा उपयोग. दुसरे उत्तर मानवी मनाच्या हिशेबपद्धतीत आहे, आणि त्याचा अभ्यास अधिक खोलवर झालेला आहे.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लिलावाचा जो सिद्धांत मांडला, त्याच्याशी जोडलेले उत्पन्न-समतुल्यतेचे तत्त्व असे सांगते की बोलीदार पूर्ण विवेकी असतील तर काही ठरावीक अटींखाली लिलावाची पद्धत बदलली तरी विक्रेत्याचे सरासरी उत्पन्न बदलत नाही. तोच तर्क टपालाला लावला तर, ज्याला एखादी सीडी १२ डॉलरची वाटते तो टपाल ४ डॉलर असल्यास ८ पर्यंत बोली लावील आणि टपाल शून्य असल्यास १२ पर्यंत. बेरीज तीच राहील. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी हा तर्क ईबेवरच तपासला. त्यांनी संगीताच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे खेळ जोडीजोडीने लिलावाला मांडले. जोडीतल्या एका वस्तूची आरंभीची बोली ४ डॉलर व टपाल शून्य, तर दुसरीची आरंभीची बोली १ सेंट व टपाल ३.९९ डॉलर, अशी रचना होती, म्हणजे खरेदीदाराला किमान द्यावी लागणारी रक्कम दोन्हीकडे ४ डॉलरच होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, टपाल अवाच्या सवा नसेल तर, कमी बोलीने सुरू होऊन जास्त टपाल घेणाऱ्या लिलावाकडे अधिक बोलीदार वळतात आणि विक्रेत्याच्या पदरी एकूण रक्कमही अधिक पडते. सिद्धांताने सांगितलेली समतुल्यता प्रत्यक्षात टिकली नाही, कारण बोलीदार किंमत आणि टपाल यांचे हिशेब मनात वेगवेगळ्या वह्यांत मांडतात किंवा टपालाकडे चक्क दुर्लक्ष करतात.

याच अभ्यासकांनी जेनिफर ब्राउन यांच्यासह पुढे केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तैवान व आयर्लंड येथील लिलाव-संकेतस्थळांवर आयपॉड विकून टपालाची रक्कम ठळक दाखवणे आणि ती आडबाजूला ठेवणे यांतला फरक तपासला गेला. टपाल कमी असेल तर ते उघड सांगण्यात विक्रेत्याचा फायदा असतो, आणि टपाल आडबाजूला ठेवलेले असेल तर ते वाढवल्याने त्याचे उत्पन्न वाढते, असे त्यातून दिसले. न्याय्यतेच्या दृष्टीने हा निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण फुगवलेल्या टपालातून होणारा फायदा बोलीदाराच्या नजरचुकीतून येतो हे त्याने दाखवून दिले. आणि ज्या नफ्याचा उगम समोरच्या माणसाच्या नजरचुकीत आहे त्याचे ‘आकडा तर पानावर कुठेतरी लिहिलेलाच होता’ या सबबीवर समर्थन करता येत नाही.

फुगवलेल्या टपालाचा आणखी एक लाभ परताव्याच्या वेळी मिळे. वस्तू सदोष निघाली किंवा ग्राहकाने परत केली, तर ‘किंमत परत, टपाल नाही’ अशी अट अनेक विक्रेते लिहीत. १ डॉलर किंमत आणि २४ डॉलर टपाल असलेल्या वस्तूच्या बाबतीत या अटीचा अर्थ काय होतो ते सांगण्याची गरज नाही. युरोपात हा मार्ग न्यायालयांनी आणि कायद्याने टप्प्याटप्प्याने बंद केला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये असा निर्णय दिला की, व्यावसायिक विक्रेत्याकडून ईबेवर घेतलेली वस्तू, ती लिलावाने घेतलेली असली तरी, ग्राहकाला ठरावीक मुदतीत परत करता येते. त्यानंतर हाइनरिख हाइने या टपालविक्री कंपनीच्या प्रकरणात, जी प्रत्येक मागणीवर ४.९५ युरो सरसकट टपाल घेई आणि माल परत आला तरी ते स्वतःकडे ठेवी, युरोपीय न्यायालयाने १५ एप्रिल २०१० रोजी सांगितले की ग्राहकाने करार रद्द केल्यास माल पाठवण्याचा मूळ खर्चही त्याला परत मिळाला पाहिजे. ब्रिटनमध्ये जून २०१४ पासून लागू झालेल्या नियमांत हेच तत्त्व आहे. विक्रेत्याने सर्वसाधारण दराचे टपाल परत करायचे, ग्राहकाने हौसेने महागडी जलद सेवा निवडली असेल तर वरचा फरक तेवढा सोडून. सार्वजनिक लिलावाला या नियमांतून सूट आहे, पण ज्या लिलावाला ग्राहक प्रत्यक्ष हजर राहू शकतो त्यालाच तेथे सार्वजनिक लिलाव म्हटले आहे, त्यामुळे संकेतस्थळावरच्या बोलीला ती सूट मिळत नाही.

स्वतः ईबेने या दुखण्यावर केलेले उपाय पाहिले तर शुद्ध हेतू पुरेसा नसतो हे कळते. २००७ मध्ये विक्रेत्याला तपशीलवार गुण देण्याची पद्धत आली. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, संवाद कसा होता, माल किती लवकर रवाना झाला आणि टपाल व हाताळणीचा आकार कितपत वाजवी होता, अशा चार बाबींवर खरेदीदाराने निनावी एक ते पाच तारे द्यायचे. पुढे विक्रेत्याचे शोधयादीतले स्थान आणि दलालीतली सवलत या ताऱ्यांशी जोडली गेली. चौथ्या प्रश्नाच्या मापपट्टीवर ‘अत्यंत अवाजवी’ पासून ‘अत्यंत वाजवी’ पर्यंत पायऱ्या होत्या. येथेच घोळ झाला, कारण ज्याने नेमका खर्च तेवढाच घेतला त्याला काय द्यायचे, वाजवी की अत्यंत वाजवी, याचे उत्तर मापपट्टीत नव्हते. आणि पाकिटावर छापलेली टपालाची रक्कम पाहून, खोके, टेप, बबल रॅप आणि पोस्टापर्यंतची फेरी विसरून, खरेदीदार एखादा तारा कापून टाकी. जे विक्रेते टपाल शून्य लिहीत त्यांना या प्रश्नावर आपोआप पाच तारे देण्याची तरतूद नंतर झाली. प्रामाणिक टपाल आकारणाऱ्यापेक्षा टपाल किमतीत मिसळणारा अधिक गुणी ठरला, हे या उपायाचे फलित समाधानकारक म्हणता येणार नाही.

याहून परिणामकारक ठरला तो जुलै २०११ मधला बदल. अमेरिकेत ईबेने अंतिम मूल्य शुल्क बोली आणि टपाल यांच्या बेरजेवर घेण्यास सुरुवात केली. किंमत टपालात ढकलून दलाली वाचवण्याचे कारणच त्या दिवसापासून संपले, आणि जे काम धोरणपत्रके व तारे यांना चार वर्षांत साधले नव्हते ते शुल्काच्या पायाने साधले. पण या बदलाची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. जड वस्तू विकणाऱ्या, टंकलेखन यंत्रे वा शिवणयंत्रे पाठवणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याला आता टपालखात्याला भरलेल्या ४० डॉलरवरही ३.६० डॉलर दलाली पडू लागली. ती त्याने स्वतः सोसावी तर टपालात तोटा. टपालात मिळवावी तर खरेदीदाराला दिसणारा आकडा प्रत्यक्ष टपालापेक्षा जास्त आणि त्याच्यावर लबाडीचा संशय. एकाने केलेल्या लबाडीचा दंड दुसऱ्या, निर्दोष माणसाकडून वसूल करणारी ही रचना परिणामकारक असेल, पण तिला पूर्णपणे न्याय्य म्हणता येत नाही. अशा दलालीचा भार विक्रेत्याने टपालात मिळवला तर ते गैर नाही. मात्र तसे केल्याचे एका वाक्यात लिहून ठेवावे.

ईबेच्याच धोरणांतला एक जुना नियम मात्र निर्विवादपणे योग्य होता. विक्रेत्याने प्रत्यक्ष टपालखर्च, पॅकिंगच्या सामानाचा खर्च आणि हाताळणीची माफक रक्कम घ्यावी, परंतु हाताळणीचा आकार विजयी बोलीच्या टक्केवारीत ठरवू नये. टपाल व पॅकिंगचा आकार पार्सलावरून ठरला पाहिजे, विक्रीच्या रकमेवरून ठरता कामा नये, हे तत्त्व या एका नियमात आले आहे. तेच नाणे २०० रुपयांना गेले काय किंवा २०,००० रुपयांना गेले काय, त्याला लागणारे पाकीट, पुठ्ठा आणि पॅकिंग करणाऱ्याची दहा मिनिटे सारखीच असतात. विम्याचा हप्ता तेवढा वस्तूच्या मूल्याप्रमाणे बदलतो, त्याचा विचार पुढे केला आहे.

पॅकिंगच्या खर्चाबद्दल खरेदीदारांचा गैरसमज सर्वांत मोठा असतो, म्हणून एका वस्तूचा हिशेब सविस्तर पाहणे योग्य ठरेल. नाट्यसंगीताच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रातले संग्राहक आवडीने घेतात. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात आणि काचेइतक्याच सहज तडकतात. दहा इंची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची तबकडी वजनाने पाव किलोच्या आसपास भरते, त्यामुळे टपालाचा तक्ता पाहणाऱ्याला तिचे भाडे अगदी थोडे असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती सुखरूप पोहोचायची असेल तर कागदी पाकिटातल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना तिच्याहून मोठे, साधारण ३० सेंटिमीटरचे पन्हळी पुठ्ठे, एकाच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या येतील असे लावून घट्ट चिकटवावे लागतात; त्यावर बबल रॅप, आणि तो गठ्ठा खोक्याच्या एकाही भिंतीला टेकणार नाही अशा रीतीने सर्व बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर भरण घातलेले बाहेरचे खोके. हे खोके ४० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ उंच होते. खासगी कुरियर कंपन्या आकारमानी वजनाचा जो हिशेब करतात, म्हणजे वस्तू हलकी असली तरी तिने व्यापलेल्या जागेचे वजनात रूपांतर करतात, त्यात लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार बहुधा ५००० ने भागला जातो; या खोक्याचा गुणाकार २४,००० येतो आणि आकारमानी वजन ४.८ किलो. काट्यावर एक किलोही न भरणाऱ्या पार्सलाचे भाडे अशा वेळी जवळजवळ पाच किलोच्या दराने पडते. हीच पद्धत अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स या कंपन्यांनी २०१५ च्या सुरुवातीपासून जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांनाही लागू केली, तेव्हा हलक्या पण मोठ्या वस्तू विकणाऱ्यांचे जुने अंदाज कोलमडले.

उलट, नको तितके पॅकिंग केल्यानेही खर्च एकदम चढतो. ब्रिटनच्या रॉयल मेलने ऑगस्ट २००६ मध्ये वजनाबरोबर आकार पाहून दर लावण्याची पद्धत आणली. ३५३ मिलिमीटर लांब, २५० रुंद, २५ जाड आणि ७५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट मोठ्या पत्राच्या दरात जाते, त्याहून एक मिलिमीटर जाड झाले की ते पार्सल ठरते. डीव्हीडीची डबी साध्या गादीदार पाकिटात मोठ्या पत्राच्या मापात आरामात बसते, पण बबल रॅपचे दोन-तीन वेढे जास्त झाले की पुढच्या दरात जाते. म्हणून अनुभवी विक्रेता वस्तू आधी बांधतो, मोजतो, तोलतो आणि मगच टपालाचा आकडा लिहितो. अंदाजाने लिहिलेला आकडा एकतर विक्रेत्याला बुडवतो किंवा खरेदीदाराला लुबाडतो.

विम्याच्या बाबतीत देशोदेशीचा कायदा वेगळा आहे आणि न्याय्यतेचा निकालही त्याप्रमाणे बदलतो. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंतची जोखीम व्यावसायिक विक्रेत्याची असते, म्हणजे विमा हे त्याचे स्वतःचे संरक्षण होय, आणि त्याचा वेगळा आकार ग्राहकाकडून सक्तीने घेणे चुकीचे आहे. भारतात १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ असे मानते की विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला मिळाला. परंतु मालाचे स्वरूप पाहून वाजवी असा वाहतुकीचा करार करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने केले नाही व माल वाटेत नष्ट झाला तर खरेदीदार ती पोच नाकारू शकतो किंवा भरपाई मागू शकतो. म्हणून वेगळा करार नसेल तेव्हा भारतीय व्यवहारात विमा खरेदीदाराच्याही हिताचा असतो. त्याला तो घ्यायचा की नाही हे विचारावे, घेतल्यास हप्त्याची पावती द्यावी, आणि घेतला नसेल तर त्या नावाखाली पैसे घेऊ नयेत.

भारतात ऑनलाइन लिलावाचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. २००० साली तेथे सुरू झालेली बाजी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे ईबेचा भारतीय व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. सर्वसामान्य वस्तूंचा लिलाव त्यानंतर येथे मागे पडला, पण नाणी, टपाल तिकिटे, जुनी पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांच्या बोली संग्राहकांच्या छोट्या वर्तुळांत, बरेचदा मोबाइलवरच्या गटांत, चालू राहिल्या. अशा ठिकाणी मध्यस्थाचे धोरण नसते आणि तारेही नसतात, म्हणून टपालाचा प्रश्न तेथे अधिक तीव्र होतो.

कायद्याने मात्र बरीच मजल मारली आहे. जुलै २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी विक्रेत्यावर असे बंधन घातले की वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि तिच्यासोबत पोच, टपाल व हाताळणी, वाहतूक आणि कर असे सर्व सक्तीचे व ऐच्छिक आकार फोडून दाखवावेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांमध्ये, आधी कमी किंमत दाखवून पुढच्या टप्प्यांवर एकेक आकार जोडत जाण्याचा प्रकारही आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील कलम १५ तर पॅकिंगसारखा आनुषंगिक खर्च पुरवठ्याच्या मूल्यातच धरते. आयात मालाच्या सीमाशुल्कासाठी काढल्या जाणाऱ्या मूल्यातही वाहतूक व विमा मिळवलेला असतो, त्यामुळे लंडनहून जुने मराठी पुस्तक मागवणाऱ्या पुण्याच्या वाचकाने फुगवलेले टपाल भरले तर त्याच्यावरचा कराचा बोजाही वाढू शकतो. परंतु या ई-वाणिज्य नियमांतच एक अपवाद आहे : जी व्यक्ती नियमित वा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकते, तिला ते लागू होत नाहीत. घरातली चार पुस्तके किंवा आजोबांचा तिकिटसंग्रह बोलीवर काढणारा माणूस या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो, आणि संग्राहकांच्या वर्तुळात अशा विक्रेत्यांचीच संख्या मोठी असते.

अशा विक्रेत्याला टपालखात्याचे दर ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे. स्पीड पोस्टचे दर वजनाबरोबर अंतरावरही ठरतात. त्यामुळे कोल्हापूरहून सांगलीला आणि कोल्हापूरहून गुवाहाटीला एकच सरसकट टपाल लिहिणे म्हणजे जवळच्या खरेदीदाराकडून लांबच्याचा खर्च वसूल करणे होय. ‘टपाल मोफत’ लिहिणाऱ्याकडूनही नकळत हेच घडते, आणि लिलावात तर बोली टपालाच्या खर्चापेक्षाही खाली थांबण्याचा धोका त्याला पत्करावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल ही वेगळी सेवा न राहता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा जुन्या रजिस्टरच्या दरावर बेतलेले आकडे आता उपयोगाचे नाहीत. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही सेवा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, अशा दराने शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके पोहोचवते; परंतु ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने आणि जाहिराती असलेले अंक तिच्यात बसत नाहीत, म्हणून जुने दिवाळी अंक विकणाऱ्याने त्या दराच्या भरवशावर टपाल लिहू नये. आणि ज्याचे पुस्तक या दराने जाऊ शकते, त्याने खरेदीदाराकडून कुरियरचे पैसे घेऊन ते ज्ञान पोस्टने पाठवणे ही उघड अप्रामाणिकता होय.

एकाच खरेदीदाराने एकाच विक्रेत्याकडून अनेक वस्तू जिंकल्या, तर विक्रेत्याच्या सचोटीची खरी कसोटी लागते. पाच पातळ पुस्तकांचे पाच वेगळे टपालखर्च लिहिलेले असतात, पण ती एकाच पुडक्यात जातात आणि तेथे दुसऱ्या पुस्तकापासून वाढतो तो फक्त वजनाचा फरक. उरलेली रक्कम खरेदीदाराला परत केली नाही तर ती वस्तूची किंमतही नसते आणि टपालही नसते. ती केवळ न कळता काढून घेतलेली रक्कम असते. एकत्र टपालाचा दर लिलावाच्या नोंदीतच लिहिलेला असेल तर वाद उद्भवत नाही, आणि खरेदीदार अधिक वस्तूंवर बोली लावतो तो भाग वेगळाच.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून सक्तीचे आकार मागाहून जोडण्यास कायद्याने मनाई झाली आहे. ईबेने तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये खासगी विक्रेत्यांवरचे शुल्क काढून पुढच्या वर्षी ते खरेदीदारांकडे वळवले, त्यामुळे टपालात किंमत दडवून दलाली वाचवण्याचे जुने कारण त्या विक्रेत्यांपुरते उरलेले नाही. भारतात घरगुती विक्रेत्यावर असा कोणताच दट्ट्या नाही. म्हणून या दिवाळीच्या आवराआवरीत निघालेली पुस्तके, तबकड्या, तिकिटे वा भांडी जे बोलीवर काढतील त्यांनी वस्तू आधी बांधून, तोलून आणि मोजून टपालाचा आकडा लिहावा; कोणत्या सेवेने पाठवणार, पॅकिंगचे किती धरले, दोन वस्तू एकत्र गेल्यास किती कमी होईल आणि माल परत आल्यास टपालाचे काय होईल, हे चार मुद्दे बोली सुरू होण्यापूर्वी नोंदीत द्यावेत. आणि खरेदीदारांनीही बोली लावण्याआधी दोन्ही आकड्यांची बेरीज करावी, शंका असल्यास लिलाव संपण्याच्या आत विचारावे, आणि तबकडी न फुटता हाती आली असेल तर पाकिटावरच्या टपालापेक्षा चार पैसे जास्त घेतले म्हणून विक्रेत्याला दोष देऊ नये.